अपशोषणाचे आजार: वर्गवारी नक्की कशावरून करतात?

चिंचगुळ
आमचे थोरले दीर, वय ५४, मुक्काम बार्शी. वर्षभर पातळ संडास, तीही तेलकट, पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहणारी. वजन उतरलंय, पायांवर सूज, जिभेची आग. जेवण कमी नाही, उलट पूर्वीपेक्षा चार घास जास्तच जातात, पण अंगी काही लागत नाही. तीन ठिकाणी दाखवलं. एका कागदावर 'मालअ‍ॅब्सॉर्प्शन सिंड्रोम' म्हणजे अन्न आतड्यात नीट न शोषलं जाणं, दुसऱ्यावर 'ट्रॉपिकल स्प्रू' आणि पुढे प्रश्नचिन्ह, तिसऱ्यावर 'सिलिअ‍ॅक नाकारता येत नाही', म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार. विम्याच्या कागदांवर कोड आहे के ९०.९.

उपचार विचारत नाहीये, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला एवढंच समजून घ्यायचंय की ही तीन वेगळी दुखणी आहेत की एकाच्या पोटातलं दुसरं? नेटवर कुठे कारणानुसार यादी, कुठे आतड्याच्या भागानुसार, कुठे कशाचं शोषण अडलंय त्यानुसार. यातली डॉक्टर लोक खरी वापरतात ती कोणती?

रिपोर्ट: हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) १०८, बी १२ फक्त ११०, फोलेट २० च्या वर, अल्ब्युमिन २.६, थायरॉइड नॉर्मल, टीटीजी (सिलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह. शौचाच्या तपासणीत चरबीचे थेंब दिसले.

पातळभाजी
शीर्षक वाचून वाटलं शासकीय निधीच्या अपशोषणावर धागा आहे. तिथेही वरून भरपूर जातं आणि खाली कुणाच्या अंगी लागत नाही. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

कोडकाम
शेवटी माझ्या पोटापाण्याचा विषय निघाला. हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचं कोडिंग करतो.

के ९०.९ म्हणजे 'आतड्यातलं अपशोषण, प्रकार नमूद नाही'. डॉक्टरांनी नुसतं मालअ‍ॅब्सॉर्प्शन लिहिलं की आमच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीतलं के ९० हे घर असं आहे: .० सिलिअ‍ॅक, .१ ट्रॉपिकल स्प्रू, .२ ब्लाइंड लूप (आतड्याच्या बाजूला पडलेल्या भागात जंतू माजणं), .३ स्वादुपिंडामुळे होणारी तेलकट शौच, .४ एखादा पदार्थ न सोसल्यामुळे होणारं, .८ इतर (व्हिपल्स डिसीज हा दुर्मिळ जंतुसंसर्ग यातच) आणि .९ म्हणजे माहीत नाही. त्यामुळे वहिनी, तुमच्या तीन कागदांपैकी पहिला म्हणजे अख्खं घर आणि उरलेले दोन त्यातल्या खोल्या.

गंमत अशी की निम्मे भाडेकरू या घरात राहतच नाहीत. दूध न पचणं म्हणजे लॅक्टोज इनटॉलरन्स, ते ई ७३ मध्ये, चयापचयाच्या प्रकरणात. पर्निशियस अ‍ॅनिमिया डी ५१.० मध्ये, रक्ताच्या प्रकरणात. क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार के ५० मध्ये. आतड्याचा टीबी तर थेट संसर्गांच्या प्रकरणात, ए १८.३.

खवचट_आजोबा
म्हणजे आजार एकाच पोटातला आणि पत्ते पाच तालुक्यांत. ही वर्गवारी रोग्यासाठी केली की कारकुनासाठी?

कोडकाम
आजोबा, कारकुनासाठीच. ते आम्ही लपवत नाही. मृत्यूंची आणि आजारांची मोजदाद करायला ही यादी जन्माला आली. नंतर तिला विम्याचे पाय फुटले.

जठराग्नी
कोडकाम यांनी मोकळेपणाने सांगितलं ते बरं झालं. मी पोटविकारांचाच डॉक्टर आहे. ओपीडीत पेशंट समोर असताना के ९० माझ्या डोक्यात नसतो. अन्नाचा रस्ता असतो.

घास गिळल्यापासून रक्तात पोहोचेपर्यंत तीन टप्पे. पहिला आतड्याच्या पोकळीतला: स्वादुपिंडाचे पाचकरस आणि यकृताचं पित्त मिळून अन्नाचे तुकडे करतात. जुनाट स्वादुपिंडदाह, पित्ताची वाट अडणं, आतड्यात जंतूंचं रान माजणं, हे सगळं या टप्प्यावर. दुसरा अस्तराचा: लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, शोषण तिथे होतं. सिलिअ‍ॅक, ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डिया, क्रोन्स या टप्प्यावर. लॅक्टेज कमी असणंही इथलंच, फक्त तिथे अस्तर शाबूत असतं आणि एकच एन्झाइम कमी असतं. तिसरा वाहतुकीचा: शोषलेली चरबी लसिकावाहिन्यांतून पुढे जाते. त्या तुंबल्या किंवा जन्मतःच फुगलेल्या असल्या तर माल गोदामातच पडून राहतो.

हे कळलं की कोणती तपासणी आधी करायची ते ठरतं. शौचातलं इलॅस्टेज २०० च्या खाली आलं तर स्वादुपिंडाकडे बघायचं, टीटीजी वाढलं तर अस्तराकडे. डी-झायलोज नावाची जुनी चाचणी याच तत्त्वावर होती. ती साखर पचवावी लागत नाही, नुसती शोषली जाते. पाच तासांच्या लघवीत ती पुरेशी उतरली म्हणजे अस्तर ठीक, दोष रसांचा. आता ती फारशी कुणी करत नाही.

तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी मात्र मला एकमेकींच्या शेजारी बसवत नाहीत. फोलेट शोषलं जातं लहान आतड्याच्या वरच्या भागात, बी १२ अगदी शेवटच्या भागात, इलियममध्ये. सिलिअ‍ॅक वरून खाली पसरतो, त्यात आधी लोह आणि फोलेट घसरतं. ट्रॉपिकल स्प्रूमध्ये मुरलेल्या केसला दोन्ही कमी सापडतात. इथे बी १२ तळाला आणि फोलेट भरपूर. तपासणीला रक्त द्यायच्या आधी फोलिकची गोळी चालू होती का?

चिंचगुळ
नव्हती. गोळ्या सगळ्या रिपोर्टनंतर सुरू झाल्या. टीटीजी करायच्या आधी मात्र त्यांनी तीन-चार महिने गहू बंद केला होता. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं वाचून.

इंदूरकर_वहिनी
गहू बंद करून टीटीजी करणं म्हणजे चाचणी वाया. माझा मुलगा सिलिअ‍ॅक आहे म्हणून पोटतिडकीने लिहितेय. गव्हातलं ग्लूटेन पोटात जातंय तोवरच ती प्रतिद्रव्यं रक्तात दिसतात. बंद केलं की ओसरत जातात आणि रिपोर्ट फसवा निगेटिव्ह येतो. सोबत एकूण आयजीए (प्रतिद्रव्यांचा एक प्रकार) पण बघावं लागतं, काहींचं मुळातच कमी असतं.

आमच्याकडे मध्य प्रदेशात, वर पंजाब-हरयाणात हा आजार भरपूर, कारण तिन्ही त्रिकाळ गहू. तुमच्याकडे भाकरीमुळे कमी दिसतो, पण नाहीच असं कुणी समजू नये.

आणि जाता जाता: ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा सगळं चालतं, पण गिरणीचं काय? आधीच्या बाईचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी. माझ्या सासूबाईंना ज्वारीवर ज्वारी दळून आणायची सवय होती चवीसाठी, मला ती लागली मुलाच्या आतड्यासाठी. शेवटी घरगुती चक्की घेतली. तरी रिपोर्ट हलेना. मग डबीवरची बारीक अक्षरं वाचली तर हिंगात गव्हाचं पीठ! बांधानी हिंगात ते घालतातच बहुतेक. रोजच्या आमटीतून जात होतं.

पातळभाजी
हिंगात गहू??? आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. आहे की! घटकांत पहिल्या क्रमांकावर गव्हाचं पीठ आणि हिंग तिसऱ्या. म्हणजे इतकी वर्षं आपण हिंगाच्या वासाचं पीठ खात होतो.

डोंबिवलीफास्ट
अवांतर होतंय पण विचारतो. भारतात पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायला काही नियम आहे का? की लिहिलं की झालं?

इंदूरकर_वहिनी
आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. पण सुटं पीठ आणि हलवायाकडचे पेढे-बर्फी यांना कोण विचारतंय.

स्लाइडवाला
पॅथॉलॉजिस्ट. धाग्यात उशिरा आलो, तरी माझ्या टेबलावरची वर्गवारी कुणीच काढली नाही म्हणून लिहितो.

सिलिअ‍ॅकमध्ये आतड्याचा तुकडा बघून आम्ही मार्श श्रेणी देतो. मायकल मार्श यांनी ती १९९२ मध्ये मांडली, ओबरह्युबर आणि मंडळींनी १९९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे अ, ब, क केले. पहिलीत अस्तरात लिम्फोसाइट वाढतात, दुसरीत खालच्या खळग्या खोल होतात, तिसरीत व्हिलाय झिजत सपाट होतात. पण मार्श तीन म्हणजे सिलिअ‍ॅक, हे समीकरण चूक. तसंच चित्र ट्रॉपिकल स्प्रूमध्ये दिसतं, जिआर्डियात दिसू शकतं, प्रतिकारशक्ती जन्मतः कमी असली तर दिसतं, इतकंच काय ओल्मेसार्टन या ब्लडप्रेशरच्या गोळीनेही दिसतं. मी स्लाइडवर नुकसान किती ते सांगतो. नुकसान कुणी केलं ते सांगायला पेशंटची हकीकत लागते, आणि फॉर्मवर ती जागा नव्वद टक्के वेळा कोरी येते.

शिवाय तुकडे. ड्युओडिनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, चार ते सहा यायला हवेत. येतो एक, तोही आडवा कापलेला, आणि वर अपेक्षा की मी निदान करावं.

वैद्य_निरंजन
चरकाने ग्रहणी या पचनाच्या विकाराचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितलेत. लक्षणं तंतोतंत हीच. ताकाचा प्रयोग करून बघावा.

स्लाइडवाला
वैद्यराज, आदर ठेवून म्हणतो, तंतोतंत नको. ग्रहणीत आजचे दहा वेगवेगळे आजार बसतील, साधं आयबीएससुद्धा. अल्ब्युमिन २.६ आणि पायावर सूज असलेल्या माणसाला ताकावर ठेवून थांबायचं नसतं.

वैद्य_निरंजन
थांबा म्हटलेलंच नाही. पथ्य म्हणून म्हटलं. आणि लक्षणांवरून वर्गवारी करणं कमअस्सल असेल तर तुमचा 'सिंड्रोम' म्हणजे दुसरं काय असतं?

जठराग्नी
हा मुद्दा वैद्यांचा बरोबर आहे. मालअ‍ॅब्सॉर्प्शन सिंड्रोम हे निदान नव्हे, ती निदानाची सुरुवात आहे. ट्रॉपिकल स्प्रूचंही तसंच बघा. विल्यम हिलरी याने १७५९ मध्ये बार्बाडोसमधल्या रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत उत्तर अर्काट भागात साथ आली, वेल्लोरच्या सीएमसीतल्या बेकर आणि मथन यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तरी एकच एक जंतू आजवर सापडलेला नाही. उपचार मात्र लागू पडतो: फोलिक अ‍ॅसिड आणि टेट्रासायक्लिन गटातलं औषध, तीन ते सहा महिने. म्हणजे हा के ९०.१ आपण बाकीचं सगळं वगळून आणि उपचाराला मिळालेल्या प्रतिसादावरून ठरवतो. सिलिअ‍ॅक त्याच्या उलट, कारण पक्कं ठाऊक. एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेली दोन नावं, पण त्यांच्यामागची खात्री सारखी नाही.

खवचट_आजोबा
सिलिअ‍ॅकचं कारण सापडलं तरी कसं? गव्हावर संशय घ्यायला छाती लागते.

जठराग्नी
विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना १९३० च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. पश्चिमेकडचा बराचसा देश उपाशी, पण त्यांच्याकडची ही आजारी मुलं तग धरून राहिली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला. त्याआधी अमेरिकेत सिडनी हास यांचा १९२४ पासूनचा केळ्यांचा आहार प्रसिद्ध होता. मुलं सुधारायची. श्रेय केळ्यांना गेलं. खरं तर केळ्यांच्या नादात गहू ताटातून गेला होता.

बार्शीलाईट
जळगावकरांनी हा प्रतिसाद चौकात फ्लेक्सवर छापावा. 'श्रेय केळ्यांना गेलं' एवढंच वाक्य फक्त.

निवृत्त_सिस्टर
मी सर्जिकल वॉर्डात नोकरी केली. एवढे तज्ज्ञ बोलले, मला एक साधी गोष्ट विचारायची आहे. चिंचगुळताई, दिरांच्या पोटावर जुन्या टाक्यांची खूण आहे का?

चिंचगुळ
आहे सिस्टर. तरुणपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, लग्नाआधी. सगळ्या डॉक्टरांना तसंच सांगितलंय.

निवृत्त_सिस्टर
अपेंडिक्सची खूण उजवीकडे खाली, तिरकी, चार बोटांची. यांची कुठे आहे?

चिंचगुळ
जाऊबाईंना फोन केला. उभी आहे. मधोमध, बेंबीला वळसा घालून खालपर्यंत.

निवृत्त_सिस्टर
मग ते नुसतं अपेंडिक्स नव्हतं. फुटलेलं असेल, नाहीतर आतडं कापलेलं असेल. जुने कागद शोधा. त्या काळी घरच्यांना 'अपेंडिक्ससारखं होतं, काढून टाकलं' एवढंच सांगायचे, हे मी कानांनी ऐकलंय.

जठराग्नी
सिस्टर, दंडवत. कागद मिळेपर्यंत मीही यापुढे अंदाज करत नाही.

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

डोंबिवलीफास्ट
तोवर माझा प्रश्न. चहाने काही होत नाही, पण ग्लासभर दूध प्यायलो की पोटात गुडगुड. हे पण अपशोषणच का?

जठराग्नी
हो, पण एका साखरेपुरतं. मोठेपणी लॅक्टेज कमी होत जाणं जगातल्या बहुसंख्य माणसांत होतं, त्याला आजार म्हणावं का यावरच वाद आहे. चहातल्या चमचाभर दुधाने काही होत नाही, दही बहुतेकांना चालतं. वजन कमी होत नसेल, रक्त कमी नसेल तर श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी वगैरेच्या मागे लागू नका. ग्लास सोडा, चहा ठेवा.

चिंचगुळ
कागद मिळाले! सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत, जमिनीच्या उताऱ्यांच्या खाली. १९९८ सालचं डिस्चार्ज कार्ड, सोलापूरचं. आतड्याच्या टीबीमुळे वाट अरुंद झालेली. इलियमचा शेवटचा ७० सेंटीमीटर भाग, सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढलाय. जोड 'एंड टू साइड'. पुढे नऊ महिने टीबीची औषधं. घरात फक्त सासऱ्यांना माहीत होतं. पोरगं लग्नाचं, टीबीचं नाव नको म्हणून अपेंडिक्स सांगितलं असणार.

आणखी एक. जाऊबाई म्हणाल्या, गावातले म्हातारे डॉक्टर त्यांना अधूनमधून ताकदीचं लाल इंजेक्शन द्यायचे. ते डॉक्टर वारले, त्यानंतर इंजेक्शनं बंद.

जठराग्नी
लाल इंजेक्शन म्हणजे जवळजवळ नक्की बी १२. आता सगळं जागेवर बसतं.

बी १२ शोषण्याची जागाच इलियमचा शेवट. साधारण ६० सेंटीमीटरहून जास्त गेला की तुटवडा ठरलेला. तो लगेच दिसत नाही कारण यकृतात काही वर्षांचा साठा असतो, आणि इथे वरून इंजेक्शनांची भर होती. पित्तक्षारही तिथूनच परत घेतले जातात, त्यांचं नुकसान झालं की शौच पातळ. शिवाय सीकमसोबत मोठ्या आणि लहान आतड्याच्या मधली झडप गेली, आणि बाजूला जोडलेल्या आतड्याचं एक तोंड बंद पिशवीसारखं राहतं. जंतू वर चढतात, तिथे ठाण मांडतात. ते बी १२ खातात आणि फोलेट तयार करतात. म्हणून बी १२ ११० आणि फोलेट २० च्या वर. पित्तक्षार मोडून टाकतात, म्हणून चरबी पचत नाही.

म्हणजे पहिल्या टप्प्याचा बिघाड अधिक इलियमची गैरहजेरी. तुमच्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवा. जंतू माजलेत का ते श्वासावरून बघणारी ग्लुकोज ब्रेथ टेस्ट करतील, गरज वाटली तर स्कोपी. टीबी परत नाही ना हेही बघायलाच हवं. सिलिअ‍ॅक पूर्ण बाद करायचा तर गहू सुरू ठेवून टीटीजी पुन्हा, पण ती आता घाईची गोष्ट नाही. बी १२ मात्र लगेच, आणि जन्मभर. नुसत्या फोलिकच्या गोळ्यांवर राहू नका, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. पायांना मुंग्या येतात का ते विचारा.

चिंचगुळ
येतात. आम्ही सुजेमुळे समजत होतो.

स्लाइडवाला
फॉर्मवरची कोरी जागा. मी आणखी काही बोलत नाही.

कोडकाम
मी बोलतो. जंतूंचं हे प्रकरण म्हणजे ब्लाइंड लूप, म्हणून के ९०.२ वाटेल. नाही. आयसीडीत त्या कोडखालीच लिहिलंय की शस्त्रक्रियेनंतरचं असेल तर के ९१.२ लावा. के ९१ म्हणजे पचनसंस्थेवरच्या उपचारांनंतरचे विकार. म्हणजे तुमचे दीर के ९० च्या घरातच राहत नव्हते. अमेरिकेतल्या आवृत्तीत १ ऑक्टोबर २०२३ पासून शॉर्ट बॉवेललाही, म्हणजे आतडं फार आखूड उरण्यालाही, वेगळा के ९०.८२ मिळालाय, पण ७० सेंटीमीटर जाऊन बाकीचं आतडं शाबूत असेल तर तो इथे लागू नाही.

इंदूरकर_वहिनी
जन्मभराचं दुखणं लग्नासाठी लपवलं. आमच्याकडे मुलींच्या सिलिअ‍ॅकचं आजही हेच चालतं.

चिंचगुळ
पुढची बातमी. ब्रेथ टेस्ट पॉझिटिव्ह. टीबीचं काही सापडलं नाही. दोन आठवडे अँटिबायोटिक दिलं, बी १२ ची इंजेक्शनं चालू, संडास बांधून व्हायला लागली आहे. मुंग्या अजून आहेत, त्यांना वेळ लागेल म्हणाले.

आता नवीन लचांड. डिस्चार्जवर के ९१.२ पडल्याबरोबर विमावाले विचारतात, १९९८ चं ऑपरेशन पॉलिसी घेताना का सांगितलं नाही? के ९०.९ असताना कुणी काही विचारत नव्हतं.

खवचट_आजोबा
बघा, कारकुनाला अचूक निदान मानवलं नाही.

कोडकाम
पॉलिसी कधीची? मध्ये खंड पडलाय का?

चिंचगुळ
२०१६ पासून. दरवर्षी वेळेत भरली आहे.

कोडकाम
मग घाबरू नका. २०२४ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने मोरॅटोरियम ८ वर्षांवरून ५ वर आणलंय. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर माहिती दडवली या कारणावर दावा नाकारता येत नाही, कंपनीला फसवणूक सिद्ध करावी लागते. दिरांना स्वतःलाच अपेंडिक्स सांगितलेलं असेल तर ते तसंच लेखी द्या. जुन्या कार्डाची प्रत जोडा, मूळ देऊ नका. नूतनीकरणाच्या सगळ्या पावत्या लावा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर लोकपालाकडे.

पातळभाजी
आणि त्या पेटीत अजून काय काय आहे तेही एकदा बघून घ्या. उताऱ्यांवरून वेगळा धागा निघायचा.